घरच्या घरी इलेक्ट्रिक बास गिटार: लाकूड आणि सुट्या भागांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालची सगळी उत्तरं चार तारांच्या, ३४ इंची स्केलच्या (म्हणजे तारेच्या कंपणाऱ्या लांबीच्या) बासबद्दल आहेत. बॉडी भरीव आणि नेक (लांब मान) स्क्रूनं जोडलेली. पहिला बास बनवणाऱ्यानं हाच प्रकार घ्यावा असं आमचं स्पष्ट मत आहे. फेंडर कंपनीनं १९५१ साली प्रिसिजन बास याच रचनेत बाजारात आणला. तेव्हापासून ब्रिज (बॉडीवर तारा अडकतात तो भाग), पिकअप (तारेचं कंपन विजेत बदलणारा भाग), ट्रस रॉड (नेकच्या आतली, बाक कमीजास्त करणारी सळई), तारा सगळं या मापाला धरून बनतं, त्यामुळे चुकलेला भाग बदलणंही सोपं जातं. मापं मिलिमीटरमध्ये दिली आहेत. वखारीत जी इंचात चालतात ती इंचातच ठेवली आहेत.

आधी लाकूड घ्यावं की सुटे भाग?

आधी सुटे भाग. ब्रिज, ट्यूनर (तारा पिळायच्या खुंट्या), पिकअप, ट्रस रॉड, पॉट (व्हॉल्यूम आणि टोनच्या बटणाखालचा भाग) आणि जॅक हातात येईपर्यंत लाकडाला करवत लावू नका. एका कंपनीचा ट्रस रॉड ६ मिमी रुंद असतो, दुसऱ्याचा ६.३५. एका ट्यूनरला १४ मिमीचं भोक लागतं, दुसऱ्याला १७ च्या पुढे. इंटरनेटवरून उतरवलेल्या नकाशातली मापं तुमच्या हातातल्या भागांची असतीलच असं नाही. प्रत्येक भाग व्हर्निअरनं मोजा आणि मोठ्या कागदावर पूर्ण आकाराचा नकाशा काढा. आधी मध्यरेषा, मग नट (नेकच्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी), मग तिथून ८६४ मिमीवर सॅडलची (ब्रिजवर तार टेकते त्या ठोकळ्याची) रेषा, आणि बाकी सगळं त्या तिघांच्या आधारानं.

पैसे मोजके आहेत. कशावर जास्त खर्च करावा?

नेकचं लाकूड, ट्रस रॉड आणि फ्रेटची (बोटांखालच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांची) तार यांवर. त्यानंतर ट्यूनर, मग पिकअप. बॉडीचं लाकूड आणि ब्रिज यांवर बचत केली तर चालतं. पिकअप दोन वर्षांनी अर्ध्या तासात बदलता येतो, पिळलेली नेक बदलायची म्हणजे अर्धा बास नव्यानं बनवणं. चारही तारांचा मिळून ताण सुमारे ८० किलो असतो आणि तो रात्रंदिवस नेकवरच असतो.

बॉडीसाठी सागवान चालतो का?

चालतो, पण जड होतो. परदेशी बासला अल्डर किंवा हलका अॅश वापरतात. अल्डरचं वजन घनमीटरला साधारण ४५० किलो. आपल्याकडे त्याच्या जवळ जाणारी लाकडं म्हणजे तूण आणि शिवण, दोन्ही ४८०च्या आसपास. लागवडीचं महोगनी ५५०, सागवान ६५०, शिसम ७७०. नेहमीच्या आकाराच्या, ४५ मिमी जाडीच्या बॉडीत अंदाजे ०.००५ घनमीटर लाकूड राहतं. म्हणजे तुणीची बॉडी २.४ किलो, सागवानाची सव्वातीन, शिसमाची पावणेचार ते चार. त्यात नेक, ट्यूनर, ब्रिज आणि वायरिंगचे पावणेदोन ते दोन किलो मिळवा. तुणीचा बास सव्वाचार किलोत बसतो, सागवानाचा पाचच्या पुढे जातो आणि शिसमाचा पावणेसहा किलोचा बास घेऊन दोन तास उभं राहणं खांद्याला झेपत नाही.

तूण हे वाद्यांचंच लाकूड आहे, मिरजेचे कारागीर सतार-तंबोऱ्याला तेच वापरतात. हलकं, पटाशीला मऊ, लालसर, दिसायला देखणं. मात्र मऊ असल्यामुळे स्क्रूची पकड बेताची, आणि नखानंही खळगा पडतो. शिवण एकदा नीट सुकली की फारशी हलत नाही, हा तिचा मोठा गुण. पहिल्या बासच्या बॉडीला आम्ही या दोघांपैकी एक सुचवू.

सागवानच हाताशी असेल तर बॉडी ३८ मिमी जाड करा, वजन साधारण अर्धा किलोनं उतरतं. पण मग नेकचे स्क्रूही आखूड घ्यावे लागतात. नेक बसते तो बॉडीतला खिसा १६ मिमी खोल, म्हणजे ३८ मिमीच्या बॉडीत मागे २२ मिमी लाकूड उरतं. नेकप्लेटचे २ मिमी धरून २४. ४५ मिमीचा स्क्रू घातला तर तो नेकमध्ये २१ मिमी घुसतो. तिथे नेकचं लाकूड असतं १९ मिमी, त्यावर ६ मिमीची फिंगरबोर्ड (बोटं दाबतात ती पट्टी). स्क्रू फिंगरबोर्डला खालून उचलतो आणि शेवटच्या फ्रेट वर येतात. अशा बॉडीला ४० मिमीचा स्क्रू घ्या. ४५ मिमीच्या बॉडीला ४५ मिमीचा बरोबर बसतो.

आंबा, रबरवूड, पाइन?

आंबा आणि रबरवूड यांना भुंगा लवकर लागतो. औषधप्रक्रिया आणि भट्टीत सुकवणी झालेली असेल तरच घ्या. पॅकिंगच्या खोक्यांचा पाइन गाठींनी भरलेला असतो, गाठीभोवती राउटर (लाकडात खाचा पाडणारं यंत्र) उसळतो.

वखारीत फळी कशी पारखायची?

फळीचं एक टोक डोळ्याशी धरा आणि एक डोळा मिटून कडेवरून दुसऱ्या टोकाकडे बघा. बाक आहे की पीळ ते लगेच दिसतं. थोडा बाक रंध्यानं निघतो. पिळलेली फळी नेकसाठी सोडून द्या. मग टोकाच्या कापावर ओलं बोट फिरवा. वर्षवलयं उमटतात आणि केसासारख्या बारीक भेगा असतील तर त्यात पाणी काळं होऊन थांबतं. भेग दिसली तर ती संपते तिथून पुढे दोन इंच सोडून माप धरा. पांढरं, सालीजवळचं लाकूड नको, किडा तिथूनच शिरतो.

ओलावा मीटरनंच बघा, 'दोन वर्षं सुकलंय' या शब्दावर जाऊ नका. देशावर ८ ते १२ टक्के चांगलं. कोकणात पावसाळ्यात वखारीतलं लाकूड १५ च्या वर सहज असतं. असं लाकूड आणलं तर टोकांना मेण किंवा रंग लावा, मध्ये पट्ट्या घालून, हवा खेळेल असं आडवं रचा आणि मीटरचा आकडा लागोपाठ तीन आठवडे बदलला नाही की मगच कापा. मीटरच्या पिना फळीच्या मध्यावर, ताज्या कापावर टोचा. टोकाला लाकूड नेहमीच कोरडं दाखवतं.

किती लाकूड लागतं?

बॉडीला २० × १४ × २ इंच, म्हणजे सुमारे एक तृतीयांश घनफूट. वाया जाणारं धरून अर्धा घनफूट सांगा. १४ इंच रुंद एकसंध फळी मिळणं अवघड आणि तिची गरजही नाही. ७ इंचाच्या दोन फळ्या मध्यरेषेवर जोडा. नेकला ३६ × ४ × १ इंच, आणि फिंगरबोर्डला २६ × ३ × ३/८ इंचाची पट्टी. सुतारकामाच्या दुकानात प्लॅनर असतो. थोडे पैसे देऊन फळ्या दोन्ही बाजूंनी सपाट करून घेतल्या की हातरंध्याचे दोन दिवस वाचतात.

जुन्या वाड्यातल्या तुळईचा सागवान मिळतोय. घ्यावा?

जरूर घ्या. पन्नास-शंभर वर्षं मुरलेलं लाकूड जेवढं हलायचं तेवढं हलून झालेलं असतं, आणि नेकला याहून स्थिर देशी लाकूड क्वचित मिळेल. फक्त आतले खिळे शोधा. मोडून आत राहिलेला खिळा वरून दिसत नाही. त्याच्याभोवती लाकूड काळंनिळं पडलेलं असतं, ती खूण. चुंबक फिरवा, जमलं तर हातातला मेटल डिटेक्टरही. एक खिळा प्लॅनरचं पूर्ण पातं घालवतो, म्हणून दुकानदाराला आधीच सांगा की लाकूड जुनं आहे.

नेकसाठी नेमकं काय घ्यावं?

परदेशात हार्ड मेपल. आपल्याकडे मोठ्या शहरांतल्या आयात लाकडाच्या व्यापाऱ्यांकडे ते मिळतं, महाग पडतं, पण एका नेकपुरता तुकडा घेण्यासारखा असतो. नाहीतर सागवान. ताठपणात तो मेपलच्या जवळ आहे आणि दमटपणात मेपलपेक्षा कमी हलतो. तूण आणि शिवण नेकला नको, ८० किलोच्या ताणाखाली त्या वाकतील.

लाकडाच्या नावापेक्षा कापाची दिशा महत्त्वाची. टोकाकडून बघितलं तर वर्षवलयं फिंगरबोर्डला काटकोनात, उभी दिसली पाहिजेत. आडव्या वलयांची फळी हवामान बदललं की पुढेमागे वाकते. उभ्या कापाची रुंद फळी मिळत नाही, म्हणून तीन पट्ट्यांची नेक करा: आडव्या कापाची १ इंची फळी उभी चिरून, पट्ट्या ९० अंशात वळवून चिकटवल्या की वलयं आपोआप उभी होतात. मधली पट्टी उलटी फिरवून लावा, म्हणजे तिचा ओढा बाहेरच्या दोघींच्या विरुद्ध जातो. मध्ये ८ मिमीची शिसमाची पट्टी घातली तर ताठपणाही वाढतो आणि दिसतंही छान. रेषा कडेनं बघताना नेकच्या लांबीला समांतर हव्यात. नटजवळ तिरक्या बाहेर पडणाऱ्या रेषा असतील तर बास पडला की नेक तिथेच मोडते.

कापल्यावर घाई नको. प्रत्येक बाजूला ३ मिमी जास्त ठेवून नेक कापा आणि दोन-तीन आठवडे भिंतीला न टेकवता आडवी ठेवा. लाकडातला दबलेला ताण सुटतो आणि नेक थोडी वाकते. मग तिला सरळ करा. ही पायरी गाळली की तोच बाक फ्रेट बसवल्यावर दिसतो, आणि तेव्हा हातात फार काही उरत नाही.

हेडस्टॉक (ट्यूनर बसतात ते नेकचं टोक) सपाट ठेवा, कोन देऊ नका. कोनाला तिरका सांधा लागतो, पहिल्या खेपेला तो चुकतो. सपाट हेडस्टॉकवर डी आणि जी तारांना खाली दाबणारी एक छोटी पकड लावली की पुरे.

फिंगरबोर्डला शिसम की शिसवी?

दोन्ही उत्तम. शिसवी जास्त कठीण, जास्त तेलकट आणि रंगानं जांभळट-काळी, शिसम तपकिरी. तयार जाडी ६ मिमी. पुढे बास परदेशी पाठवायचा असेल तर लक्षात ठेवा: दोन्ही झाडं डालबर्जिया प्रजातीतली आहेत आणि २०१७ पासून ही पूर्ण प्रजाती सायटिस (धोक्यातल्या वनस्पती-प्राण्यांच्या व्यापाराचा आंतरराष्ट्रीय) करारात आहे. तयार वाद्यांना २०१९ पासून सूट मिळाली, सुट्या फळ्यांना तशी सरसकट सूट नाही. लाकडाची पावती जपून ठेवा.

फेव्हिकॉल चालेल का?

बॉडीच्या आणि नेकच्या पट्ट्यांच्या सांध्यांना साधा पांढरा पीव्हीए गोंद चालतो. सांधा मात्र उजेडासमोर धरला तर फट दिसता कामा नये. फट भरणं गोंदाचं काम नाही. सागवान आणि शिसवीच्या तेलामुळे गोंद धरत नाही. चिकटवण्याआधी दहा मिनिटांच्या आत पृष्ठभाग ताजा रंधून अॅसिटोनमध्ये बुडवलेल्या फडक्यानं पुसा. फडकं तपकिरी व्हायचं थांबेपर्यंत पुसत राहा, मग लगेच गोंद लावा.

फिंगरबोर्डचं वेगळं. पाणी असलेला गोंद पातळ पट्टीच्या एकाच बाजूनं मुरतो, पट्टी फुगते आणि नेक मागे वाकते. एकतर गोंदाचा थर अगदी पातळ द्या आणि क्लॅम्प पूर्ण एक दिवस ठेवा, नाहीतर सावकाश सुकणारा इपॉक्सी वापरा. पीव्हीएचा सांधा उन्हातल्या बंद गाडीत सरकतो, हेही ध्यानात असू द्या.

ट्रस रॉड कोणता, आणि खाच किती खोल?

दोन्ही दिशांना काम करणारा, सुमारे ६०० मिमी लांब. हिशोब असा: पहिल्या फ्रेटपाशी नेकची एकूण जाडी २१ मिमी, त्यातली ६ फिंगरबोर्ड, उरले १५. रॉडची खाच १० मिमी, म्हणजे मागे ५ मिमी लाकूड. नेकची पाठ गोल करताना याच ५ मिमीतून जाता, तेव्हा तिथे ४ मिमीच्या खाली येऊ नका. खाच रॉडपेक्षा खोल झाली तर रॉड आत खडखडतो आणि तो आवाज पिकअपमधूनही ऐकू येतो. दोन-तीन ठिकाणी सिलिकॉनचा ठिपका टाका. फिंगरबोर्ड चिकटवताना रॉडवर कागदी टेपची पट्टी ठेवा, आट्यांत गोंद गेला की रॉड कायमचा जाम.

फ्रेटच्या जागा कशा काढायच्या?

उरलेल्या लांबीला दरवेळी १७.८१७ नं भागा. ८६३.६ मिमीच्या स्केलला नटपासून पहिली फ्रेट ४८.४७ मिमीवर, दुसरी ९४.२२, पाचवी २१६.६, सातवी २८७.२, बारावी ४३१.८, विसावी ५९१.६. प्रत्येक अंतर नटपासूनच मोजा. एका फ्रेटपासून दुसरी मोजत गेलात तर अर्ध्या मिलिमीटरच्या चुका साठत जातात आणि वरच्या फ्रेट बेसूर होतात.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे खाचा हॅकसॉनं पाडणं. फ्रेटच्या तारेची जीभ ०.५ मिमीच्या आसपास असते, खाच ०.५५ ते ०.६ हवी. हॅकसॉच्या दात फाकलेल्या पात्याची खाच त्याहून बरीच रुंद पडते, फ्रेट ठोकली की बसते आणि आठवड्यात वर येते. फ्रेटचीच करवत घ्या, किंवा पातळ पात्याची जपानी करवत आधी फालतू तुकड्यावर चालवून मोजा. २० फ्रेटना दीड मीटर तार पुरते.

ब्रिज घेताना काय तपासायचं?

सॅडलची उंची. नेकचा शेवट २५ मिमी, खिसा १६, म्हणजे फिंगरबोर्ड बॉडीच्या वर ९ मिमी. त्यावर फ्रेटचा सव्वा मिमी आणि तारेचा उठाव धरला तर सॅडलपाशी तार १४ ते १५ मिमीवर येते. ब्रिजची सॅडल ११ ते १६ मिमीच्या पट्ट्यात वरखाली होते का ते दुकानातच बघा. तारांमधलं अंतर १९ मिमी. बसवताना जी तारेची सॅडल जवळजवळ पूर्ण पुढे घेऊन ती ८६४ वर ठेवा. जाड तारांना सॅडल मागे न्यावी लागते, म्हणून मोकळी जागा मागच्या बाजूला हवी.

पट्टा लावला की नेक खाली झुकते. का?

बॉडी हलकी आणि ट्यूनर जड, म्हणून. जुन्या पद्धतीचे चार उघडे ट्यूनर मिळून अर्ध्या किलोच्या आसपास भरतात. हलके घ्या. आणि नकाशा काढतानाच वरचं शिंग बाराव्या फ्रेटपर्यंत न्या, पट्ट्याचं बटण तिथे आलं की तोल सावरतो. तुणीच्या बॉडीला हे विशेष जपावं लागतं.

पिकअप कोणता? पॉट कुठले?

पहिल्या बासला दोन तुकड्यांचा प्रिसिजन पिकअप. १९५७ पासून तो या रूपात आहे, एकटाच असून विजेची गुणगुण थांबवतो, आणि वायरिंग शाळकरी मुलालाही जमेल असं: एक व्हॉल्यूम, एक टोन, एक जॅक. जागा सॅडलपासून साधारण १४ सेमी. जाझ बासच्या पद्धतीच्या दोन सिंगल कॉइल (एकाच गुंडाळीच्या) पिकअपची गुणगुण दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण असतानाच जाते.

पॉट २५० के (किलोओहम), लॉग प्रकारचे, 'ए' छापलेले. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर २२० के मिळाले तरी फरक कळत नाही. 'बी' म्हणजे लिनिअर. व्हॉल्यूमला तो लावला तर आवाजाचा सगळा बदल बटणाच्या एका टोकाला गोळा होतो. कपॅसिटर ०.०४७ मायक्रोफॅरड, त्यावर ४७३ छापलेलं असतं. पॉट थेट लाकडातून बसवणार असाल तर आट्यांची लांबी बघून घ्या. नेहमीच्या पॉटला ६-७ मिमी आटे असतात, ते लाकडातून बाहेर येऊन पॉट आवळायच्या षटकोनी नटला पुरत नाहीत. पिकगार्डवर बसवणार असाल तर प्रश्न नाही.

तारेला हात लावला की गुणगुण थांबते, सोडला की सुरू. काय चुकलं?

काही चुकलेलं नाही, ब्रिजची अर्थ वायर जोडलेली आहे याचीच ती खूण. आता पोकळ्यांना तांब्याची चिकट पट्टी लावा. पट्ट्यांचे सांधे डागून घ्या, कारण साध्या गोंदातून वीज जात नाही. हात लावल्यावर गुणगुण उलट वाढत असेल तर मात्र जॅकवर गरम (सिग्नलची) आणि अर्थ वायर उलट लागली आहे.

नेकचे स्क्रू घट्ट करूनही फट राहते.

बॉडीतली भोकं अरुंद आहेत. स्क्रूचे आटे बॉडीतच पकडतात आणि नेक ओढली जात नाही. ४.२ मिमीच्या स्क्रूला बॉडीत ४.५ मिमीचं भोक हवं, नेकमध्ये ३ मिमीचं, शिसमात ३.२. आट्यांना मेण लावा, नाहीतर कठीण लाकडात डोकं तुटून येतं.

कोणतं पॉलिश?

सागवान किंवा शिसवीवर आधी लाखेच्या पॉलिशचा एक हात द्या. त्यांच्या तेलामुळे थेट लावलेलं पीयू (पॉलियुरेथेन) किंवा जवसाचं तेल दिवसेंदिवस चिकट राहतं. पावसाळ्यात लॅकर मारू नका, दमट हवेत त्यावर पांढरट झाक धरते. तेलाचे बोळे गोळा करून टाकू नका, आपोआप पेट घेतात; पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवा.

लाकडानं आवाज बदलतो का?

बॉडीच्या लाकडानं फार थोडा. पिकअपची जागा, तारांचं वय आणि वाजवणाऱ्याची बोटं यांच्यापुढे तो फरक ओळखणं कठीण. नेकचं मात्र तसं नाही. नेक स्वतः ज्या कंपनावर थरथरते त्या जागी सूर लवकर विझतो. बहुतेक बासवर जी तारेच्या पाचव्या ते सातव्या फ्रेटदरम्यान असा एक सूर सापडतो. ताठ नेकमध्ये तो कमी जाणवतो, हेडस्टॉकला थोडं वजन लावलं की सरकतो.

तारा चढवल्यावर खडखड येते. कुठून सुरुवात करू?

तंबोऱ्याला जवारी लावतात, इथे तिचा मागमूस नको. ४५-१०५ चा (तारांची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात) संच लावून सुरात आणा आणि एक रात्र तसाच ठेवा. मग पहिली आणि शेवटची फ्रेट एकदम दाबून सातव्या-आठव्यापाशी फट बघा: ०.३ ते ०.४ मिमी. नंतर तिसऱ्या फ्रेटवर तार दाबा, पहिल्या फ्रेटवर कागद जेमतेम सरकेल एवढी फट राहिली की नट बरोबर. नट एकदा जास्त कानसला की परत वर येत नाही, म्हणून चार घाव आणि एक माप असं जा. सगळ्यात शेवटी तारांची उंची: बाराव्या फ्रेटवर ई तार २.५ मिमी, जी २.

खडखड फक्त पहिल्या चार फ्रेटवर असेल तर नेक मागे वाकली आहे, रॉड सैल करा. एकाच फ्रेटवर असेल तर तिच्या पुढची फ्रेट उठलेली आहे. रॉड एकावेळी पाव फेरीच फिरवा आणि पुढचं माप दुसऱ्या दिवशी घ्या. जूनमध्ये हवा दमट झाली की आणि पुन्हा नोव्हेंबरात कोरडी झाली की हीच पाव फेरी इकडे-तिकडे करावी लागते.